झाकणावर ‘खराब’ लिहिलेली कुपी

मित्रांनो, माझ्या झाकणावर काळ्या शाईने ‘खराब’ असे लिहिले आहे. अक्षर मोठ्या माणसाचे आहे, शाई पक्की आहे आणि लिहिलेले साफ खोटे आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझी कीव करत बसायला नको.

मी एक जुनी कुपी आहे. खरे तर कुपी हे माझे घर, आणि मी तिच्या आत राहणारी अँटिबॉडी. तुमच्या शाळेच्या पुस्तकात मला प्रतिपिंड म्हणतात. करंगळीएवढीही नसलेली ही प्लॅस्टिकची कुपी, आणि तिच्या तळाशी मोजून दोन थेंब. बघणाऱ्याला ते साधे पाणीच वाटायचे. पण त्या दोन थेंबांत माझ्यासारख्या हुबेहूब एकसारख्या अब्जावधी बहिणी होत्या. आम्ही सगळ्या मिळून स्वतःला ‘मी’ म्हणतो. भांडण नको म्हणून तशी रीत आहे.

माझा जन्म कोणाच्या पोटी झाला नाही. पूर्वी अँटिबॉडी हवी असली, की सशाला नाहीतर बकरीला टोचत आणि काही आठवड्यांनी तिच्या रक्तातून ती काढत. माझी गोष्ट निराळी. माझी कृती आधी अक्षरांत लिहिली गेली. ती कृती जिवंत पेशींच्या आत घातली, त्या पेशी मोठ्या पोलादी टाकीत कोमट, गोडसर पाण्यात वाढवल्या आणि त्यांनी मला घडवून बाहेर सोडले. याला रीकॉम्बिनंट म्हणतात. शब्द तोंडात अडकतो, पण अर्थ सोपा आहे. कृती लिहिलेली आहे, तेव्हा ती पुन्हा करता येते आणि दर वेळी तीच चव येते. आज आंबट, उद्या खारट असला प्रकार आमच्यात नाही.

आता माझे काम सांगते. तुमच्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या टी पेशी म्हणजे शिपाई. या शिपायांच्या अंगावर नाना तऱ्हेचे ग्राही असतात. कोणी निरोप घेतो, कोणी शत्रू ओळखतो. त्यांतला एक ग्राही ब्रेकचे काम करतो. त्याचे नाव पीडी-वन. शिपाई फार दिवस लढत राहिला आणि दमला, की त्याच्या अंगावर हे ब्रेक वाढत जातात. मी तो ब्रेक शोधते आणि त्याला घट्ट धरते. बाकी कोणाकडे ढुंकूनही बघत नाही.

फक्त माझी एक अट आहे. तो ब्रेक पेशीवर जसा घडलेला असतो, त्याच आकारात मला हवा. त्याला उलगडले, ठेचले, शिजवले, की माझ्या लेखी तो तो राहत नाही. याला माझा दोष म्हणा नाहीतर गुण म्हणा. पुढचे सगळे रामायण यावरूनच घडले.

थर्मोकोलच्या खोक्यात, बर्फाच्या पिशव्यांमध्ये बसून मी विमानाने मुंबईला आले आणि तिथून गाडीने पनवेलकडे निघाले. कळंबोलीच्या सर्कलला न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या कंटेनरांची रांग लागली होती. आमची गाडी त्या रांगेत अडीच तास उभी. ऊन मार्चचे. पिशव्यांतल्या बर्फाचे पाणी होऊ लागले होते. इतक्या लांबून येऊन दोन कोसांवर नासायचे, हे काही मला मान्य नव्हते. मी दम धरला.

महाविद्यालयाच्या फाटकापाशी एक मुलगी रस्त्याकडे डोळे लावून उभी होती. तिने खोके तिथल्या तिथेच उघडले, आत हात घातला आणि ओरडली, “अल्लाह, थंड आहे अजून!”

ही यूम्ना. पनवेलच्याच मोहल्ल्यात वाढलेली. वडील कुवेतला नोकरीला, घरी अम्मी शहाबानो आणि सगळ्या खानदानात पीएच.डी. करणारी ही पहिलीच. तिने मला छातीशी धरून तीन जिने चढवले आणि फ्रिजमध्ये मधल्या फळीवर, अगदी मागे ठेवले. दारात ठेवले नाही, कारण दार उघडझाक होऊन तिथे थंडी टिकत नाही. ज्याला हे कळते त्याला अर्धे विज्ञान कळले, असे माझे मत आहे.

मात्र यूम्नाला एक वाईट खोड होती. फ्रिजचे दार उघडे धरून ती गप्पा मारत राहायची. माझ्या कानावर जे काही पडले ते या खोडीमुळे.

“दार लाव गो, सगली थंडी चालली,” असे तिला रोज ओरडणाऱ्या ललिताबाई. खाडीकाठच्या आगरी गावातून येतात, बावीस वर्षे या प्रयोगशाळेची झाडलोट आणि धुणेपुसणे त्यांच्याकडे आहे. टाकाऊ वस्तू लाल पिशवीत भरून शनिवारी खाली नेणे हेही त्यांचेच काम. पण त्यांची एक रीत होती. पिशवीत टाकण्याआधी त्या सगळे एका ताटात मांडायच्या आणि हाक मारायच्या, “या गो, आपापलं ओलखा. मंग मी नेतंय.” फार पूर्वी त्यांच्या हातून कोणाची तरी चांगली वस्तू गेली होती आणि त्या विद्यार्थ्याचे वर्ष फुकट गेले होते. तेव्हापासून ताटाशिवाय त्यांनी काही टाकले नाही.

यूम्नाचे काम वीटभट्टीवरच्या माणसांविषयी होते. कर्नाळ्याच्या बाजूला भट्ट्या आहेत. डोंगराकाठच्या वाड्यांतली कातकरी माणसे दिवाळीनंतर तिथे येतात, पावसाळ्यापर्यंत धुरात विटा पाडतात आणि पाऊस आला की निघून जातात. एवढा धूर आणि एवढे जुने खोकले अंगावर काढणाऱ्या माणसांच्या शिपाई पेशींचे काय होते, हे तिला पाहायचे होते. बेचाळीस जणांनी तिला रक्त दिले. सर्वांत आधी दिले ते सोमी नावाच्या बाईने.

रक्ताची नळी घेऊन आली त्या दिवशी यूम्ना दार उघडे ठेवून ललिताबाईंना सांगत होती, “मावशी, ती काय म्हणाली माहितीये? म्हणाली, ‘मागं बी एक डाक्टर आलता. रगत नेलं, फोटू काढले, परत तोंड नाय दावलं. तू काय सापडलं ते सांगायला येशील काय, बाय?’ ”

“मंग? तू काय बोललीस?”

“येईन म्हणाले. पाऊस पडायच्या आत येईन. जबान दिलीय.”

मित्रांनो, ते दिवस माझ्या भरभराटीचे होते. यूम्ना मला चिमूटभर घेऊन पेशींवर सोडायची. मी जाऊन ब्रेक धरायचे, माझ्या मागोमाग हिरवा दिवा घेतलेली दुसरी अँटिबॉडी येऊन माझा हात धरायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशीभोवती हिरवे कडे उजळायचे. खारघरच्या एका संस्थेत मोठे यंत्र आहे, तिथेही आम्ही जायचो. ते एकेक पेशी ओळीने पुढे काढते आणि किती जणींवर मी बसले आहे ते सांगते. तिसरे काम मला सर्वांत आवडायचे. काचेच्या ताटलीत दमलेल्या पेशी ठेवायच्या आणि मला त्यांच्या ब्रेकवर नुसते बसवून ठेवायचे. मी ब्रेक दाबू देत नसे. दोन-तीन दिवसांत त्या मरगळलेल्या पेशी पुन्हा कामाला लागायच्या. पहिल्यांदा हे दिसले तेव्हा यूम्ना खुर्चीवरून उठून नाचली होती.

सोमीच्या आणि तिच्या सोबतच्यांच्या पेशींवर ब्रेक फार होते. पनवेल शहरात राहणाऱ्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त. मी प्रत्येक वेळी तेच सांगितले, कारण प्रत्येक वेळी तेच होते.

मग काम कृष्णकांत सरांच्या टेबलावर गेले.

सर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. माणूस सरळ, कष्टाळू, वेळेला पक्का. पण त्यांचा विश्वास दोनच गोष्टींवर होता, उकळते पाणी आणि काळी पट्टी. घरी पाणी उकळून प्यायचे, दूध दोनदा उकळायचे आणि प्रयोगशाळेत पेशीही उकळायच्या. साबणासारख्या औषधात पेशी घालून सर त्या पाच मिनिटे खदखदू देत. तो रस एका चिकट वडीतून खाली ओढत, कागदावर उतरवत आणि त्या कागदावर अँटिबॉडी सोडत. ओळख पटली, की कागदावर काळी पट्टी उमटते. “पट्टी आली तर खरं,” असे सर म्हणत. उभी हयात त्यांनी याच कामात घालवली होती आणि त्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते.

त्यांच्या या हट्टामागे एक जखमही होती. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या एका विद्यार्थ्याने खोटे फोटो लावून शोधनिबंध छापला. सरांनी विश्वासाने सही केली होती. खोटेपणा उघडा पडला, निबंध मागे घ्यावा लागला आणि सर सहा महिने मान खाली घालून वावरले. तेव्हापासून कोणाचाही निकाल स्वतःच्या हाताने पट्टी काढून पाहिल्याशिवाय ते पुढे जाऊ देत नसत. फ्रिजमध्ये माझ्या शेजारी सशाच्या रक्तातून आलेली एक म्हातारी कुपी होती. ती उकडलेले, ठेचलेले, काहीही ओळखायची. सरांची फार लाडकी.

तर सरांनी सोमीच्या पेशी उकळल्या आणि त्या कागदावर मला सोडले. निम्म्याहून अधिक मी त्या एका दिवसात खर्ची पडले.

मी त्या कागदावर वरपासून खालपर्यंत फिरले. ओळखीचे कोणीही नव्हते. ज्याला मी शोधते तो ब्रेक तिथे उलगडून, ताणून, सुताच्या तुकड्यासारखा पडलेला होता. मला त्याच्यात त्याचे काहीच दिसले नाही. न ओळखलेल्याला धरायचे, हे माझ्या घडणीतच नाही. कागद कोरा राहिला. ते माझे उत्तर होते, आणि ते बरोबर होते. चुकला होता तो प्रश्न.

सरांनी कोरा कागद दोनदा उजेडात धरून पाहिला. मग काळे मार्कर उचलले आणि माझ्या झाकणावर लिहिले, ‘खराब’.

मला विचारले नाही. तेव्हा जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

यूम्नाला बोलावणे गेले. सरांचा आवाज चढला नाही, हेच जास्त वाईट होते. “यूम्ना, अँटिबॉडी मेलेली आहे. मग तुझ्या फोटोंत हिरवं दिसलं ते काय दिसलं?”

“सर, ती मेलेली नाहीये. कंपनीच्या कागदावर लिहिलंय, उकळलेल्या नमुन्यावर वापरू नका म्हणून. ती मूळ आकारच ओळखते.”

“ज्यांची पट्टी येत नाही त्या सगळ्या कंपन्या हेच लिहितात,” सर म्हणाले. “आणि ज्यांचे निकाल खोटे असतात ते सगळे विद्यार्थी तोच कागद दाखवतात. मी एकदा फसलोय. सोमवारी तुझी प्रयोगाची वही माझ्या टेबलावर हवी. तोवर काम बंद.”

खोटे हा शब्द ऐकून यूम्नाचे ओठ पांढरे पडले. ती परत आली आणि फ्रिजचे दार उघडून उभी राहिली. या वेळी ललिताबाईंनी तिला दार लावायला सांगितले नाही. तिचे नाव जात होते, आणि नावाबरोबर सोमीला दिलेली जबानही. खोट्या ठरलेल्या कामाचा निकाल घेऊन ती कुठल्या तोंडाने भट्टीवर जाणार? आकाशात ढग दिसायला महिनाही उरला नव्हता.

शनिवार उजाडला. ललिताबाईंनी ताट मांडले. फुटक्या नळ्या, वाळलेली औषधे, आणि कडेला मी. “या गो, आपापलं ओलखा!”

यूम्ना आली. तिने मला उचलले आणि मूठ घट्ट मिटली. “मावशी, ही नाही जाणार.”

सर बेसिनवर हात धूत होते. मागे न बघता म्हणाले, “तिच्यावर मी खराब लिहिलंय.”

“सर, मी काय शिकलेली नाय,” ललिताबाई ताट खाली ठेवत म्हणाल्या, “पर एक इचारू काय? कालवणात शिजून विरघललेला मासा दावून कोनी मला बोललं, सांग, हा जिताडा हाय का रावस, तर मी काय सांगू? बाजारात आख्खा दावा. डोले मिटून, निस्ता हात लावून सांगीन.”

“ललिताबाई, मी मासे खात नाही.”

“म्हनून तर सांगतंय.”

हसू आवरणे मला कठीण गेले असते, जर मला हसता आले असते. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी नळ बंद केला आणि टॉवेलला हात पुसत राहिले, गरजेपेक्षा जास्त वेळ.

यूम्नाने तीच संधी धरली. “सर, एक प्रयोग करू द्या. हिच्यात आठ नळ्यांपुरतं शिल्लक आहे. नळ्या तुम्ही भरा. कशात ब्रेकवाल्या पेशी, कशात बिनब्रेकच्या, ते फक्त तुम्हाला माहीत. यादी तुमच्या खिशात. मी नुसती अँटिबॉडी घालीन आणि दिसेल ते लिहीन. एक जरी चुकलं, तर वही मीच तुमच्या टेबलावर ठेवते आणि पुन्हा हा जिना चढत नाही.”

“तुला कळतंय काय बोलतेयस?”

“हो सर. मी खोटं बोललेले नाही, आणि हीसुद्धा नाही.”

मुठीत मी पार दाबली गेले. पण आवाज काडीइतकाही हलला नाही. शाबास, असे मी म्हणाले. तिला ऐकू गेले नसेल, पण मी म्हणाले.

सोमवारी सकाळी सरांनी दार लावून आठ नळ्या भरल्या. एक ते आठ आकडे घातले, यादीची घडी करून शर्टाच्या खिशात टाकली आणि यूम्नाला आत बोलावले. तिने कुपी तिरपी धरली आणि तळाशी राहिलेली मी एकेक कण करून आठही नळ्यांत वाटली गेले. घराच्या भिंतींना चिकटलेले चार कण तेवढे मागे राहिले. आता जे काय सांगायचे ते एकदाच सांगायचे होते.

पहिल्या नळीत शिरले, आणि समोरच ब्रेक! धरला. दुसरीत कोणी नव्हते, परत फिरले. तिसरीत होते. चौथीत नाही. पाचवीत होते. सहावीत नाही. सातवीत गेले आणि थबकले. पेशी होत्या, पण कशातरीच. अंग आक्रसलेले, सगळे उलथेपालथे झालेले. मी शोध शोध शोधले. माझ्या ओळखीचा आकार तिथे नव्हता. समजा, धरला असता खोटाच कोणाचा तरी हात? यूम्नाचे भले झाले असते की वाईट, हे मला ठाऊक नव्हते. मला एवढेच ठाऊक होते, की नाही म्हणजे नाही. आठवीत मात्र भरपूर होते.

यूम्नाने हिरवा दिवा माझ्या मागोमाग सोडला, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक काच पाहिली आणि लिहिले. आहे, नाही, आहे, नाही, आहे, नाही, नाही, आहे. सातव्या ओळीपुढे तिने आणखी एक टीप घातली, ‘पेशी आक्रसलेल्या दिसतात.’

सरांनी खिशातून यादी काढली. वरपासून बोट फिरवत ते सातव्या ओळीवर थांबले. “सातवी. पुन्हा बघ.”

तिने पुन्हा पाहिले. “नाही, सर.”

“माझ्या यादीत ‘आहे’ लिहिलंय.”

दारात ललिताबाई फडके हातात धरून उभ्या होत्या. मित्रांनो, एक शब्द बदलला असता तर यूम्ना वाचली असती. ‘हो सर, आता दिसतंय थोडंसं,’ एवढेच. किती जणांनी म्हटले असते! तिचे डोळे भरून आले होते. पण तिने पेन खाली ठेवले.

“तुमच्या यादीत असेल, सर. काचेवर नाहीये. मी दिसतं तेच लिहिणार. वही टेबलावर ठेवू?”

सरांनी यादी हळूच तिच्यापुढे सरकवली. सातव्या ओळीत सरांच्याच अक्षरात होते, ‘तीन नंबरच्याच पेशी. पाच मिनिटे उकळून.’

“तिसऱ्या नळीत तिने ब्रेक ओळखला,” सर म्हणाले. “त्याच पेशी मी उकळल्या, आणि तिला ओळखू आल्या नाहीत. आठच्या आठ बरोबर आहेत, यूम्ना.” त्यांनी यादीची पुन्हा घडी घातली. “तुला मोहात पाडून बघावं म्हणून मी ते म्हणालो. ते करायला नको होतं. मी उकळत्या पाण्यावर विश्वास ठेवला, तुझ्यावर ठेवला नाही. चूक माझी आहे.”

यूम्ना तेव्हा रडली. ललिताबाईंनी फडके पुढे केले आणि लगेच मागे घेतले, कारण त्याने नुकतेच टेबल पुसले होते. मग पदर पुढे केला.

सरांनी स्पिरिटचा बोळा घेऊन माझे झाकण घासले. शाई हलली नाही. त्यांनी बोळा टाकून दिला आणि म्हणाले, “राहू दे. मला ते दिसत राहायला हवं.” पण यूम्नाने मला त्यांच्या टेबलावर ठेवले नाही. आपल्या कंपासपेटीत ठेवले.

मी रिकामी झाले होते, तरी संपले नव्हते. माझी कृती लिहिलेली आहे, हे मघाशी सांगितले ना? पंधरा दिवसांत नवी कुपी आली. स्वच्छ झाकणाची, आणि आत हुबेहूब मीच. सरांनी स्वतः तिच्यावर चिठ्ठी चिकटवली, ‘उकळू नये.’ तिने उरलेले सगळे नमुने पुन्हा तपासले आणि माझ्याच शब्दाला शब्द जोडला.

मे महिन्याच्या अखेरीस यूम्ना भट्टीवर गेली. मी कंपासपेटीत होते. सोमी विटांच्या रांगेपाशी उकिडवी बसून बोचके बांधत होती. दोन दिवसांत त्या सगळ्यांना वाडीवर परतायचे होते. यूम्नाला पाहून तिने हातातली गाठ तशीच सोडली.

“आलीस? खरंच आलीस, बाय?”

“जबान दिली होती, सोमीताई.” यूम्ना तिच्यासमोर मातीतच बसली. “तुमच्या रक्तात लढणाऱ्या पेशी असतात. तुमच्या त्या पेशी खूप दमल्यात. शहरातल्या माणसांपेक्षा खूप जास्त.”

सोमीने तिच्याकडे पाहिले आणि खो खो हसत सुटली. “दमल्यात व्हय? मला इचारलं असतंस, तर मी रगत न देताच सांगितलं असतं!”

यूम्नाही हसली. “पण मेलेल्या नाहीत. काचेच्या ताटलीत त्यांचा ब्रेक सोडला, तर पुन्हा उठून काम करतात. हे औषध नव्हे हां, नुसती तपासणी आहे. आणि कशाने दमल्या, धुराने की जुन्या खोकल्याने, ते अजून कळायचंय. उद्या दवाखान्यात चला, खोकला तपासून घेऊ. मी येते बरोबर.”

“कशानं मोजलंस?”

यूम्नाने कंपासपेटी उघडून मला तिच्या तळहातावर ठेवले. सोमीने मला उलटेपालटे केले. विटांच्या धुळीने लाल झालेला अंगठा झाकणावरून फिरवला.

“हेच्यावर काय लिवलंय?”

“खराब.”

“आणि काम केलं ते हिनंच?”

“हिनेच.”

सोमी बराच वेळ ती अक्षरे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हते, पण ती वाचत होती असे मला वाटले. “आमाला बी असंच लिवतात,” ती म्हणाली. “शालंत, दवाखान्यात, शेटच्या तोंडात. कपालावर शाई दिसत नाय, एवढंच.” यूम्ना नखाने शाई खरवडू लागली, तेव्हा तिने तिचा हात धरला. “पुसू नको. र्‍हाऊ दे. ज्यानं लिवलं त्याला लाज वाटंल. आपुन कशाला लाजायचं?”

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी हात जोडून विनंती करायची असते, असे म्हणतात. मला सांभाळा, मला जपा, वगैरे. मी हात जोडणार नाही. मी फक्त सांगून ठेवते. उद्या तुमच्या हातात मार्कर येईल. कोणाच्या वहीवर, कोणाच्या नावापुढे, कोणाच्या पोराच्या निकालावर तुम्हाला एक शब्द लिहायचा असेल. लिहिण्याआधी एकदा स्वतःला विचारा, की आपण याला नीट आहे तसे पाहिले, की आधी उकळले?

आणि तरीही कोणी तुमच्याच झाकणावर लिहिले, तर खरवडत बसू नका. तिसऱ्या नळीत आहे म्हणा आणि सातव्या नळीत नाही म्हणा, समोर कोणीही बसलेले असो. माझ्या झाकणावरची शाई अजून तशीच आहे. तिच्यावर आता विटांच्या लाल धुळीचा एक अंगठाही उमटला आहे.